वान सरोवर, पैठण रोड

दमयंती : ही खिडकी का उघडत नाहीये?

हिमांशू : नमुना फ्लॅट आहे, आत्या. इथल्या खिडक्या नुसत्या दाखवायला. तू आमच्या स्कीमची ही पुस्तिका ऐक. 'तुर्कस्तानातल्या वान प्रांताचं निसर्गवैभव आता आपल्या पैठण रोडवर. चहूबाजूंनी डोंगर, मधे निळंशार...'

दमयंती : मधे निळंशार काय?

हिमांशू : सरोवर. पुढचं तू लिही. जन्मभर भूगोल शिकवलास. खाली तुझं नाव येईल, 'ज्येष्ठ शिक्षिका'. नाहीतर बायका विचारतात, वान म्हणजे संक्रांतीचं का?

दमयंती : त्या सरोवराचं पाणी पिता येत नाही. सोड्याचं आहे. लोक साबण न लावता कपडे धूत त्यात. एकाच जातीचा मासा तग धरतो, तोही अंडी घालायला गोड्या ओढ्यात चढतो.

हिमांशू : मासा घेऊ. सोडा नको.

दमयंती : मासाही नको घेऊस.

हिमांशू : बरं, एवढं पाणी साचलं कसं तिथं? तेवढं मस्त लिही.

दमयंती : शेजारी नेमरुत म्हणून ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्ह्यानं दरीचं तोंड बुजलं. पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही.

हिमांशू : सेम आपल्यासारखं!

दमयंती : म्हणजे?

हिमांशू : म्हणजे, आपण मुरूम टाकून...

दमयंती : कशात?

हिमांशू : नाल्यात. पावसाळी नाला गं. कोरडाच असतो.

दमयंती : दोन वर्षं पाऊस नाही. जायकवाडीचा तळ दिसतोय. आमच्याकडं नळाची वाट बघत माणसं म्हातारी झाली. मग तुमचं सरोवर भरलं कशानं?

हिमांशू : वरच्या बाजूला कॉलन्या झाल्यात ना. त्यांना ड्रेनेज लाईन अजून आली नाही, म्हणून तात्पुरतं...

दमयंती : सरक.

(ती कडी ओढते. खिडकी उघडते.)

दमयंती : शी.

हिमांशू : कारंजी बसणार आहेत.

दमयंती : म्हणजे ते उडणारही?

हिमांशू : आत्या...

दमयंती : म्हणून तो खालचा रामकिसन तोंडाला उपरणं बांधून बसलाय. मी विचारलं तर म्हणाला, 'लई दिवस झाले बाई, आता जेवण बी जात नाय.' मला वाटलं, तंबाखू खातो म्हणून.

हिमांशू : वॉचमनचं काय ऐकतेस. तळमजला तुझ्यासाठी ठेवलाय मी. तुझे गुडघे बघून. जिना चढायला नको.

दमयंती : आणि रोज सकाळी हे बघत चहा प्यायचा. शिसारी येते रे. घाणीची नाही, तुझी. माझं नाव कशावरही टाकायचं नाही.

हिमांशू : (पुस्तिका मिटत) बरं.

दमयंती : हिमांशू.

हिमांशू : पुस्तिकेत नाही टाकत.

दमयंती : मग कशात टाकलंयस?

हिमांशू : पत्रक गेलंय. छोटं. पेपरातून वाटलं.

दमयंती : मला न विचारता?

हिमांशू : तू नाही म्हणशील असं वाटलंच नव्हतं. आणि चांगलं झालं ना, लगेच एक बुकिंग आलं. तुमच्या शाळेतल्या सगीरा मॅडम. फंडातून पूर्ण भरणार म्हणाल्या.

दमयंती : सगीरा इथं येऊन गेली? हा वास घेऊन?

हिमांशू : आल्या नाहीत. मी म्हटलं, साइट दाखवतो. तर म्हणाल्या, 'दमयंती मॅडमने लिखा है ना, बस. मला कशाला बघायला लागतं?'

दमयंती : फोन लाव तिला. लाव, आणि माझ्याकडं दे.