उंबरे चाळीस, माणसं शून्य

चाळीस घरांच्या वस्तीची माणसं मी शून्य करून टाकली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मी शहाणपणा केला तर तुम्ही हसायला मोकळे.

गाव माझं वैजापूरकडचं, तिथं कांदा निवडता निवडता बारावी झालो, मग शहरात येऊन शहागंजात एका जिन्याखालच्या क्लासात कॉम्प्युटर शिकलो आन टँकरची मागणी नोंदवणाऱ्या हापिसात चिकटलो. दुष्काळ असा, की शहरात रोज नवी कॉलनी आन खेड्यात विहिरीच्या तळाला बादली आपटल्याचा आवाज. साहेब म्हणाले, यादीचा प्रोग्राम लिही. लिहिला. काळा पडदा, वस्तीचं नाव विचारायचा, माणसं किती विचारायचा, आन कोणाला टँकरच्या किती खेपा ते छापायचा. काय सांगू तुम्हाला, कॉलर ताठ करून फिरत होतो मी.

कीबोर्डवर रेहानाआपा बसायच्या. आता आपल्याकडं माणसं कोण मोजतं, उंबरे मोजतात. एका वस्तीची चिठ्ठी आली, उंबरे चाळीस. आपांनी तेच जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. आकड्याच्या जागी अक्षर आलं तर प्रोग्रामनं अडवायचं का नाय, परत विचारायचं का नाय? ते मी लिहिलंच नव्हतं. त्यानं गपचूप शून्य धरलं. शून्य माणसं, शून्य खेपा.

चार दिवसांनी बाया रिकाम्या घागरी घेऊन हापिसच्या दारात, पुढं एक म्हातारी. आन मी तिला यादी दाखवतो, म्हणतो मावशी, कॉम्प्युटर चुकत नसतो, तुमच्या वस्तीत कोणी राहत नाय. ती म्हणाली, मग मी कोण हाय रं. तेव्हा कुठं चिठ्ठी उघडून पाहिली. टँकर गेला दुपारी, पण चार दिवस लेकरं गढूळ पाणी पिली त्याचं काय? आन नोटीस कुणाला, तर आपांना. ज्यानं विचारलं नाय तो सुटला, जिनं लिहिलं ती अडकली. लई राग येतो अजून.

आता शहरातल्या छावणी भागात माझा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास हाय. पोरं सांगतात, सर, वापरणाऱ्यानं नीट टाइप करावं. मी भडकतो. म्हणतो, आकडा येईस्तोवर विचारत राहा, शून्य आलं तरी परत विचारा.

परवा आपा बाजारात भेटल्या. मोठ्या तोऱ्यात सांगितलं त्यांना, की पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

त्या म्हणाल्या, अच्छा है सर, मेरी नोटीस तुमीच टाइप करे थे, वो बी बोलते क्या पोरट्यां कू?