समुद्राकडं पाठ

मिस्बाह : फोटोवर तारीख नाही, नानी. कुठल्या वर्षीचा आहे हा?

अकिला : अजमलमामाचं लगीन झालं त्या सालचा. मांडव उतरवला आन् तुझे नाना म्हनले, "चल, तुला समुद्रात दिस बुडताना दावतो." चाळीस वर्सं म्हनत हुते. दरसाली कुणाचं तरी लगीन आडवं यायचं, मांडव घालायचं काम ह्यांचंच.

मिस्बाह : आणि फोटोत नानांचीच समुद्राकडं पाठ. मोहसीनमामा म्हणतो, रुसले होते. हा फ्रेम करू नको म्हणाला.

अकिला : त्याला काय कळतंय. त्याच्याच गाडीतनं आमी तिघं दोन दिस किनाऱ्यानं हिंडलो. गुहागरच्या म्होरं जमीन जिभेगत पाण्यात गेलीया, तीन अंगाला समुद्र. तितं मुक्काम. भाड्याचा तंबू पिशवीतनं काढला तर नाना म्हनले, "ह्यो तंबू हाय का रुमाल?"

मिस्बाह : मग ठोकला?

अकिला : म्हनले, "दार गाडीकडं करू, वारं समुद्रावरनं हाय." मी म्हनलं, "म्हसवडास्नं गाडीचं बूड बघाय आली न्हाई मी." मग फिरवला. खाली कातळ, खुंट्या शिरंनात. वारं दारातनं घुसलं, तंबू उठला. मी आतच.

मिस्बाह : पाचशे मांडव घातलेला माणूस.

अकिला : त्येच तर. मग दारासमोर बसले, पाय रोवून, दोऱ्या वढून धरल्या. त्यांच्याम्होरं मी, पाठीमागं समुद्र.

मिस्बाह : मामाला धरायला द्यायच्या.

अकिला : "माझ्या मांडवाला दुसऱ्याचा हात नको." मामा बसला फोटू काढत. दिस टेकला तसं मला इचारलं, "कसा दिसतोय गं?"

मिस्बाह : कसा होता?

अकिला : लय देखना. पाण्यावर लाल वाट पडली हुती, पार त्यांच्या पाठीपातूर.

मिस्बाह : तसंच सांगितलंस?

अकिला : न्हाई. म्हनलं, "आपल्या राजेवाडीच्या तलावावर बुडतोय तसाच. काय इशेष न्हाई."

मिस्बाह : नानी, असं का?

अकिला : खरं सांगितलं असतं तर मान वळवली असती, आन् दोऱ्या सुटल्या असत्या. त्यास्नी बरंच वाटलं. म्हनले, "मग फुडल्या साली निवांत बघू."

(मिस्बाह फोटो बाजूला काढून ठेवते.)

मिस्बाह : हाच फ्रेम करू. खाली काय लिहू?

अकिला : नाव लिही. बादशहा मुलाणी. त्याच फुडल्या साली गेले, शुक्रवारी, सतरा मार्च दोन हजार तेवीसला.