दातात धरलेलं घड्याळ

आमी मूळचे पासलीचे, वेल्ह्याकडचे. भातशेती व्हती, पण भावाभावांत किती वाटून घेणार, म्हणून मामानं मला भोरला आणलं आन् पेठेत एका पायरीवर काचंची पेटी मांडून घड्याळं दुरुस्त करायला बसवलं. डोळ्याला भिंग लावायचं, मान खाली घालायची, आन् दिसभर टिकटिक. लई गोडी लागली बघा. घड्याळ आलं की पयलं कानाला लावायचं, टिकटिक न्हाई म्हंजी बंद, अशी आपली परीक्षा.

घरात मात्र येगळंच. माझी थोरली, सुमन, नुकती बोलाय लागली आन् तिचे कान फुटले. औषधं झाली, पू थांबला, पण ऐकणंबी गेलं. मागनं हाक मारली तर वळायची न्हाई. शेजारची म्हातारी म्हणायची, पोरगी मुकीच व्हणार आता, जिवाला लावून घेऊ नका. न लावून घ्यायला ती काय शेजाऱ्याची पोर व्हती? असा राग यायचा, काय सांगू तुम्हाला.

तर त्या वक्ताला धरणावरचे एक साहेब पेटीवर आले, घड्याळाच्या पट्ट्याची पिन तुटलेली. परदेशातलं घड्याळ. तबकडीच न्हाई हो, आतलं समदं काचंतनं उघडं. डुलणारं चाक न्हाई, चावी द्यायची न्हाई, तांब्याच्या तारंची दोन रिळं आन् मधी एवढासा दोन पायांचा चिमटा. म्या सवयीनं कानाला लावलं, तर टिकटिक न्हाई, निस्तं ऊंऽऽ. म्या म्हनलं, साहेब, भुंगा शिरलाय काय आत? साहेब हसले, म्हणाले, आत सेल हाय, त्याच्या करंटवर चिमटा थरथरतो, आन् त्या थरथरीवर काटे चालतात. सेकंदकाटा ठेचकाळत न्हवताच, निस्ता वाहत व्हता. मी किती येळ बघत बसलो कुणास ठाऊक, जागा असून झोपल्यावाणी.

पिन घावंना, म्हणून उद्या देतो म्हनलं आन् घड्याळ घरी आणलं. फडक्यावर ठेवून हात धुवायला गेलो, तवर सुमननं उचलून दातात धरलं. तिची आई वरडली, अवं काढा, साहेबाचं हाय ते! मी धावलो आन् थबकलो. पोरगी गप झालेली, डोळे हे एवढे मोठे, आन् घड्याळ दातात तसंच धरून ती ऊंऽऽ करायला लागली. त्याच सुरात! म्या घड्याळ काढलं, ती थांबली. परत दिलं, परत ऊंऽऽ. मी तिथंच खाली बसलो आन् रडलो. कान मिटले व्हते, पण पोरगी आत जागी व्हती.

दुसऱ्या दिशी साहेबांना समदं सांगितलं. वाटलं रागावतील, तर म्हणाले, पुण्याला न्या, उशीर करू नका. पुण्याच्या डाक्टरनंबी तसाच दोन पायांचा, नाद काढायचा चिमटा काढला, मोठा, आपटून तिच्या कानामागच्या हाडाला टेकवला, आन् पोरीचं परत ऊंऽऽ. म्हणाला, हाडातनं ऐकती ही, आतली नस जिती हाय, पडदा तेवढा फाटलाय, बसवता येईल. बसवला. एक कान चांगला आला, दुसरा थोडका. तेवढ्यावर ती शाळा शिकली, भांडाय शिकली, संसार केला.

ते घड्याळ परत काय दिसलं न्हाई. आता चावीची घड्याळंबी गेली आन् माझे कानबी गेले, यष्टीचा हॉर्नसुदीक ऐकू येत न्हाई. समदी वरडून बोलतात माझ्याशी. सुमन माहेरी आली की वरडत न्हाई. म्होरं बसती, माझ्या कपाळाला कपाळ टेकवती आन् ऊंऽऽ करती. समदं डोकं भरून येतं. मी म्हणतो, सुखी ऱ्हा बाय, ऐकू आलं.