दुसरी गोळी

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी बंदुका तपासून घ्यायला नेमबाजीच्या मैदानावर रांग लागतेच. उत्तर मिशिगनमध्ये ती बर्फातच लागते. माझ्यापुढे हेल्मी आणि तिचे वडील होते. स्वतः घरी जोडलेली बंदूक घेऊन ती पुन्हा रांगेत आली होती.

“परत अडकली?” वडिलांनी विचारलं.

“पहिली गोळी सुटते. दुसरी आपोआप चढायला हवी, ती चढत नाही.”

“आजोबांची घे. दर गोळीला दांडा ओढायचा, झालं.”

“शिकारीला मी हीच नेणार, बाबा.”

“हट्टी कुठली!”

“तुमचीच मुलगी. दुसरी गोळी चढवायला बारुदाचा जो गॅस लागतो तो वाढवला, स्प्रिंग बदलली. ऊन होतं त्या दिवशी मस्त चालली. गारठा पडला की रुसते.”

“मग थंडीचंच काहीतरी असेल.”

“थांबा, उघडूनच बघते. बाबा, आत हे मधासारखं घट्ट काय आहे?”

“तेल.”

“मी एकच थेंब लावला होता!”

“मी रोज लावतो. कपाटातल्या सगळ्या बंदुकांना लावतो, तुझी काय सावत्र आहे?”

“थंडीत ते गोठतं, बाबा! मी महिनाभर डोकं फोडतेय!”

“अगं, गंजू नये म्हणून. तुझ्या आईची बंदूकही अशीच आपोआप भरणारी. तिलाही मीच लावायचो.”

“आई नेहमी एकाच गोळीत हरीण पाडायची.”

“हो ना! काय नेम होता तिचा!”

“बाबा, तिला दुसरी गोळी मिळतच नसणार.”

“…कधी एका शब्दाने बोलली नाही गं.”

“मी बोलतेय ना. ते फडकं द्या इकडे.”