पाहुण्यांना सांगितलं ते

(धरणाच्या पाण्याकाठची वाडी. परदेशी पाहुणे धोंडाबाईंशी बोलून नुकतेच शाळेत जेवायला गेलेत. ओट्यावर धोंडाबाई, मांडीवर झोपलेला नातू. शेजारी त्यांची सून प्रेरणा.)

धोंडाबाई : पर मग ती गोरी बाई हसली का?

प्रेरणा : कोण, आत्या?

धोंडाबाई : ती म्होरं बसलेली. म्या नलूचं सांगत हुते, तवा माझ्या तोंडाकडं बघूनच तिचं डोळं भरलं. मग तू इंग्रजीत सांगितलंस, आन् ती हसली. मान बी हलवली.

प्रेरणा : त्यांची पद्धत असते तशी. बाळाला द्या इकडं, पाय अवघडला असेल.

धोंडाबाई : ऱ्हाऊ दे, आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा. म्या केवढं बोलले गं! तुझं दोन वाक्यात उरकलं. इंग्रजी एवढी आखूड असती व्हय?

प्रेरणा : आखूड नाही...

धोंडाबाई : मग?

प्रेरणा : आम्हाला शिकवतात तसं सांगितलं. देशादेशांच्या बोलण्यात कुणाला टोचेल असा शब्द टाळायचा असतो. आणि आमच्या कॉलेजच्या मॅडम मागंच उभ्या होत्या.

धोंडाबाई : बरं. तर ते न टोचणारं मला मराठीत सांग.

प्रेरणा : नको, आत्या.

धोंडाबाई : का? देशादेशांनी कसं बोलावं ते शिकाय तू पुण्याला जातीस, हितं म्या तुझं लेकरू संबाळते. मला कळू दे की काय शिकलीस. शेजारच्या वैष्णवीच्या आईला सांगून आलेय, आमची प्रेरणा बोलली की साहेबाच्या काळजाला जाऊन भिडल.

प्रेरणा : म्हणलं... "पावसाळ्यात इथल्या रहिवाशांना दळणवळणाच्या काही अडचणी जाणवतात."

धोंडाबाई : फुडं?

प्रेरणा : "वैद्यकीय मदत वेळेत मिळण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो."

धोंडाबाई : फुडं?

प्रेरणा : एवढंच.

धोंडाबाई : होऊ शकतो.

प्रेरणा : आत्या...

धोंडाबाई : ह्यात नलू कुठं हाय?

प्रेरणा : न्हाई.

धोंडाबाई : जुनी वाट पाण्याखाली गेली, म्हणून बाळंतपणाच्या कळा देणारी लेक होडीत घातली, ते? "आये, काठ किती लांब हाय?" इचारता इचारताच तिचा जीव गेला, ते?

प्रेरणा : न्हाई सांगितलं.

धोंडाबाई : तुझ्या सासऱ्याम्होरं बी म्या हे कधी काढलं न्हाई. त्यांना सोसलं नसतं. आज बोलले, ते मधी तू हुतीस म्हणून.

प्रेरणा : मला लाज वाटली.

धोंडाबाई : माझी?

प्रेरणा : तेव्हा... व्हय. तुम्ही पदरानं नाक पुसलंत, सगळे बघत होते. वाटलं, आपलं घर पार उघडं पडलंय. चांगलं इंग्रजी बोलले की झाकलं जाईल. नंतर मॅडम हळूच म्हणाल्या, "तू फार पुढं जाशील." आणि आत्या, मला बरं वाटलं हो. आता त्या बरं वाटण्याचीच लाज वाटतीय.

धोंडाबाई : तुझे दिस भरायच्या कितीतरी आदी म्या तुला भोरला दवाखान्याजवळ नेऊन ठिवलं. स्वरूप म्हणला, आये, उगं काय घाई करतीस. म्या त्याला कारण सांगितलं न्हाई.

प्रेरणा : मला कळलं होतं कारण.

धोंडाबाई : कळलं हुतं, आन् तरी?

प्रेरणा : (डोळे पुसते.)

धोंडाबाई : रडू नगंस. बाळ उठल.

प्रेरणा : आत्या, त्यांची गाडी अजून शाळेपाशी आहे. परत जाऊन ते धरणाकाठच्या लोकांवर लिहिणार, मी सांगितलं तेच लिहितील. चला तुम्ही. पुन्हा सांगा, मी एक शब्द गाळणार नाही.

धोंडाबाई : न्हाई गं बाई. दोनदा न्हाई व्हायचं माझ्यानं.

प्रेरणा : मग?

धोंडाबाई : तू ऐकलंयस की समदं.

प्रेरणा : एकटीनं जाऊ? सगळ्यांसमोर म्हणू, मघाशी मी खोटं सांगितलं?

धोंडाबाई : ते तुझं तू बघ. मला इंग्रजी येत न्हाई.

प्रेरणा : ...चप्पल कुठं गेली माझी?

धोंडाबाई : ती काय, दाराआड. आदी तोंडावर पाणी मार.

प्रेरणा : ह्याला भूक लागली तर?

धोंडाबाई : मऊभात हाय. जा तू. आन् ऐक...

प्रेरणा : काय, आत्या?

धोंडाबाई : तिचं नाव घी. नाव तर इंग्रजीत बी तेच ऱ्हातं न्हवं?