शिवकन्याच्या डोक्यातली जट

न्हाई हो पूर्णिमाबाई, पटावरनं नाव काढूनच टाका — ती आता शाळंला येयची न्हाई. बसा की. उभ्यानं कामून बोलायलात? आमच्या खटकचिंचोळीत मास्तरीण दारात आली तर च्या पाजल्याबिगर कुणी सोडत न्हाई, आन् तुमी तर माझ्या नातीसाठी चालत आलाव. शिवकन्या? मामाकडं गेलीय. औरादला. सणाला म्हणून — कोण कण्हायलंय? कोण न्हाई, मांजर आसंल — बरं, व्हय. ती आतच हाय. तुमी ऐकलंच, मंग खोटं कामून बोलू?

तुमीच पयल्यांदा बगितलं न्हवं? टाळूवर रुपयाएवढा चट्टा, केस खुंटावानी तुटल्याले, कोंडा झडायला. त्या मांजरीच्या पिलाला उशाशी घेऊन निजायची, त्याचंबी अंग तसंच झडल्यालं. तुमीच भालकीला नेलतं तिला. डाक्टर म्हणला, नायटाच हाय ह्यो, पर केसाच्या मुळात उतरलाय, नुसत्या मलमानं जात न्हाई — जेवल्यावर गोळी द्या, महिना-दीड महिना, बरं वाटलं तरी सोडू नका, फणी-टावेल येगळं ठिवा. समदं ध्यानात हाय माझ्या! दिल्या की गोळ्या. आठ-दहा रोज दिल्या. खाज थांबली. मंग बऱ्या लेकराला औषध कामून चारायचं, सांगा बरं? दिल्या ठिवून डब्यात.

मंग गळू आलं. लिंबाएवढं, मऊ, पू धरल्यालं. पू वाळला, केस त्यात चिकटले, आन् एका सकाळी येणी घालाया बसले तर — जट! यल्लम्माची जट, बाई. शेजारचा अमरनाथ म्हणला, अक्का, कात्री लावू नको, आईचं बोलावणं हाय हे. आता पुनवेला आईच्या डोंगरावर न्यायची, हातात जोगव्याची परडी द्यायची — लेकरू आईचं झालं. शाळा न्हाई, लगीन न्हाई. माझी सून, सुधारानी, लई रडली. कात्री घेऊनच बसली बगा. मी हात धरला तिचा. आवो, माझ्या धाकट्या भनीला अशीच जट आलती. आप्पानं कातरली, आन् आठवडाबी काढला न्हाई तिनं. तवाबी आधी डोकं सुजल्यालं हुतं, ताप हुता — न्हाई, ताप कातरायच्या आधीच हुता — पर ते ऱ्हाऊ द्या. माझ्या मांडीवर गेली ती. मला भेव वाटतंय, बाई. सुनेला माहेरी धाडलं. चन्नवीर हैदराबादला कामावर, लेकाला उगी फिकर नको म्हणून कळवलंच न्हाई.

वास? हळदीचा हाय. हळद आन् वडाचा चीक. केस मुळातनं सुटायलेत ना — चीक लावला की धरून ऱ्हातेत, जट मोडत न्हाई — म्हणजे, औषध म्हणून लावायले मी. आसं बगू नका माझ्याकडं.

मंगळवारी येऊन बगा एकदा! मालक गेल्यापसनं मला कुणी हळदी-कुंकवाला उंबऱ्यात घेतलं न्हाई. बारशात मागं, लग्नात मागं, समोर आले तर अपशकून. आन् आता? चांगल्या-चांगल्या घरच्या सुना माझ्या हातची हळद मागून घेयलेत. लेकरं आणून शिवकन्याच्या डोक्याला डोकं टेकवायलेत, तिचीच फणी पोरींच्या केसातनं फिरवायलेत — परसाद म्हणून. अमरनाथच्या पोरीलाबी चट्टा उठलाय. पल्याडच्या गल्लीत आनखी दोघींना. समदे म्हणायलेत, आईनं गावच धरलंय. तुमची लेक केवढी हाय वो? आणा की तिलाबी.

न्हाई न्हाई, गाडीबिडी बोलवू नका. ताप हाय थोडा, लेकराला येतोच. सकाळधरनं पाणी पिली न्हाई म्हणा, पर उपास घडला आईचा. काय? कात्री लागत न्हाई म्हणता? पुन्ना गोळ्या चालू केल्या की गळू बसतंय, खपली आपसूक सुटती — आन् जट? तीबी जाती? नवे केस येतेत? खरंच म्हणता?

मंग माझ्या दारात कोण येईल हो, बाई? माझ्या हातची हळद कोण घेईल?

...उठा. च्या ऱ्हाऊ द्या, जावा तुमी. म्हातारी काय बी बोलती, ध्यानात धरू नका. तिकडं कुठं? तिकडं देव हाय, चपला घालून जाऊ नका. वाट हिकडनं हाय. — शिवे, आतून कडी लाव गं. बाई निघाल्या. शिवे, कडी लाव म्हणलं ना.

आगं, व्हय तरी म्हण.

शिवे?