एकाच बाकावरची प्रार्थना

आमच्या ओहायोतल्या गावात अग्निशमन दल वर्षातून एकदा पॅनकेकची न्याहारी देतं. त्या रांगेत माझ्यापुढे हार्लन आणि लोर्ना हे नवरा-बायको होते. तो कट्टर रिपब्लिकन, ती कट्टर डेमोक्रॅट. हार्लन तिला सांगत होता,

“ऐकलंस का? वॉशिंग्टनमध्ये आमच्या पक्षाच्या खासदारांनी आपला नेता निवडला. क्लेटन प्रूट! चार मतांनी!”

“ऐकलं. अभिनंदन!”

“वाघ आहे वाघ! तुमच्या लोकांना पळता भुई थोडी करेल.”

“करू दे की. आज माझ्या वाटचा मेपलचा पाकही तूच घे.”

“थांब. तू कशाला एवढी खूश?”

“अरे, तो तोंड उघडतो आणि आमची मतं वाढतात!”

“म्हणजे तुलाही तोच हवा होता?”

“हवा होता म्हणजे? रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून देवाकडे मागितला मी त्याला.”

“अगं, मीपण त्यालाच मागितला!”

“माहितेय. शेजारीच पुटपुटत होतास.”

“मग देवानं ऐकलं कुणाचं?”

“ते पुढच्या निवडणुकीत कळेल. तोवर दोघंही खूश राहू. सरक पुढे, रांग हलली.”